दोन बोटं सैल

भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात आष्टीच्या पुंजाराम मिस्त्रींच्या गाडीचा फॅन बेल्ट तुटला. आता बेल्ट तुटणं ही काय सांगायची गोष्ट आहे? रबराची वस्तू, आज ना उद्या तुटायचीच. पण ती गाडी काही कारखान्यातून आली तशी राहिलेली नव्हती, आणि मिस्त्री काही सरळ माणूस नव्हते. म्हणून सांगावं लागतं.

गाडी मूळची डॉज. निजामाचं राज्य गेल्यावर कुण्या जहागीरदाराची जालन्यात पडून राहिलेली, उंदरांनी गाद्या खाल्लेली. मिस्त्रींनी ती भंगारातून उचलून ट्रॅक्टरमागं बांधून आणली तेव्हा सगळं आष्टी तोंड फिरवून हसलं. मिस्त्री विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. त्यांनी डॉजचं जाम झालेलं पेट्रोलचं इंजिन उपसून काढलं आणि अपघातातल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन आत बसवलं. रेडिएटर ट्रकचा, डायनामो ट्रॅक्टरचा. हे सगळं एकमेकांना धरून राहावं म्हणून लोखंडी अँगल कापून हातानंच ब्रॅकेट केलं. गाडी जी सुरू झाली ती झालीच. पुढं त्याच हसणाऱ्या लोकांच्या लेकी त्या गाडीत बसून सासरी गेल्या, आणि अडलेल्या बाया रात्री-अपरात्री परतूरच्या दवाखान्यात पोहोचल्या. गाव तिला 'मिस्त्रीची डाज' म्हणायचं.

मिस्त्रींना एकच मुलगा, कडूबा. त्याला लहानपणी ग्रीसच्या वासानं उमळून यायचं, म्हणून तो शिंपी झाला. "पाना धरायच्या हातानं सुई धरली येड्यानं," असं मिस्त्री चारचौघांत म्हणायचे, पण अंगात मात्र कडूबानं शिवलेलाच पायजमा असायचा. कडूबाचं मशीन घराच्या ओसरीत आणि गाडी समोर लिंबाखाली. बाप बॉनेटमध्ये वाकलेला आणि लेक मशीनवर वाकलेला, असं दोघांचं आयुष्य एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चाललं होतं.

त्या वर्षी दिवाळीपासून मिस्त्री खंगायला लागले. बेचाळीस इंच कमरेचा माणूस, एका वेळेला चार भाकरी खाणारा, तो अर्ध्या भाकरीवर आला. डाव्या बरगडीखाली काहीतरी जड धरून बसलंय म्हणायचे. परतूरच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि कडूबाला बाहेर बोलावून सांगितलं, "जालन्याला न्या. पौष लागायच्या आत न्या. नंतर नेऊन उपयोग नाही."

दुसऱ्याच दिवशी कडूबानं डॉज काढली. आबांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं, शेजारी माय, सगुणाबाई; कडूबाची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. महिनाभर तो बेल्ट चीं चीं करून ओरडतच होता, डायनामो मागं ओढून ओढून कडूबा वेळ मारून नेत होता. गाडी गावाच्या फाट्यापर्यंत गेली, खाली फटकन आवाज झाला आणि रेडिएटरमधून वाफ उसळली. बेल्टाच्या चिंध्या झाल्या होत्या. अर्धा तर रस्त्यातच कुठं पडला.

बैल लावून गाडी घरी आणली. कडूबानं लगोलग जीप सांगितली. जीप दारात आली आणि मिस्त्रींनी बाजेचा माचा दोन्ही हातांनी धरला.

"म्या दुसऱ्याच्या गाडीत बसणार न्हाई."

"आबा, असं काहून करता? दवाखान्यात जायचंय."

"जाईन. माझ्या गाडीत जाईन. दुसऱ्याच्या गाडीत गेलेला आजारी माणूस आडवाच परत येतो. म्या लई आणलेत असे, मला इचार."

कडूबानं आणि जीपवाल्यानं त्यांना उचलायचा प्रयत्न केला तर मिस्त्रींना असा खोकला लागला, की ओठ काळेनिळे पडले. सगुणाबाई रडत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे. घरीच जीव घेता का त्याहिचा?" जीप गेली. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते खोटं नाही. तेव्हा गोष्ट एवढ्यावर आली होती, की बेल्ट मिळाला तर आबा दवाखान्यात जातील, नाहीतर नाही.

अशा गाडीचा बेल्ट कोणत्या नंबरचा, हे कोणत्याच पुस्तकात नसतं. इंजिनाची पुली, पंख्याची पुली आणि डायनामोची पुली अशा तिन्ही चाकांवरून सुतळी फिरवायची, टोकाला टोक आणायचं आणि ती सुतळी घेऊन दुकानात जायचं. कडूबानं तेच केलं. मापाच्या बाबतीत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सुतळी पुन्हा टेपावर मोजून घेतली, पस्तीस इंच भरली. जालन्याला मंठा चौफुलीवर कचरूशेठचं जुन्या पार्टांचं दुकान आहे, तिथून बराबर त्या मापाचा बेल्ट आणला.

बसवला तर सैल. डायनामो ब्रॅकेटच्या शेवटापर्यंत ओढला, तरी बेल्टाखालून दोन बोटं आरपार जात होती.

कडूबाला भयंकर लाज वाटली. शिंप्याचं माप चुकावं आणि तेही बापाच्या कामात! त्यानं पुन्हा सुतळी लावली. ती पहिल्यापेक्षा दोन बोटं कमी भरली. सुतळी ताणली असेल, असं म्हणून त्यानं दुकानातला कोरा टेप काढला आणि तोच पुल्यांवरून फिरवला. टेपानंही तेच सांगितलं. मग त्याच्या मनात आलं की ब्रॅकेट सरकत असेल. म्हणून बोल्ट आवळून त्यानं ब्रॅकेटवर आणि इंजिनावर एकाच रेघेत शिंप्याच्या खडूनं पांढरी खूण केली. आता सरकलं तर रेघ तुटेल.

पुन्हा जालना. कचरूशेठ बेल्ट बदलून देताना हसला. "कडूबा, गाडीचं माप घेऊन राह्यला का नवरीच्या पोलक्याचं?"

दुसरा बेल्टही सैल निघाला. दोन बोटं.

कडूबानं खडूची रेघ पाहिली. रेघ सरळ होती, केसाइतकीसुद्धा हललेली नव्हती. त्यानं टेप लावला, काढला, परत लावला. लोखंड जागच्या जागी होतं आणि माप कमी झालं होतं. दुपारचं ऊन चांगलं पाठीवर होतं, तरी त्याच्या अंगावर काटा आला. तो तिथंच बंपरवर बसून राहिला. आतून आबांच्या खोकण्याचा आवाज येत होता. पौष तोंडावर आला होता.

सकाळी सगुणाबाई नवऱ्याचं अंग पुसत होत्या आणि कडूबा गरम पाण्याचं भगुणं धरून उभा होता. मिस्त्रींच्या कमरेचा काळा करदोडा घसरून मांड्यांवर आला होता. सगुणाबाईंनी तो वर ओढला, गाठ सोडली नाही, नुसती दोन बोटं आत सरकवून आवळली.

"माय, हे काय केलं?"

"काय करू मंग? अंगावर ऱ्हात न्हाई आता. सारखी गाठ आत घ्यावं लागते."

"किती डाव घेतली?"

"तू पयल्यांदा जालन्याला गेल्ता तवा एकदा घेतली. दुसऱ्यांदा गेल्ता तवा एकदा. अन् ही आता."

 कडूबानं भगुणं खाली ठेवलं, बाजेशेजारी बसला आणि हळूच विचारलं, "आबा, डाजच्या बेल्टाचं माप तुम्ही कशानं घेतल्तं?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. गाडीचं नाव काढलं की त्यांना अजून हुशारी यायची. "ब्रॅकेट बसवलं तवा जवळ सुतळी नव्हती. कमरंचा करदोडा काढला अन् तिन्ही चाकांवरून फिरवला. टोकाला टोक जिथं आलं तिथं बोल्ट आवळला." ते जरा हसले. "माप कमरंला बांधलेलं बरं असतं बघ. हरवत न्हाई."

"तवाच म्हणले होते म्या," सगुणाबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "की अंगावरचा करदोडा असा काढून लोखंडाला गुंडाळू नये. ऐकतंय कोण?"

कडूबा काही देवभोळा नव्हता. अमावास्येला कापड कापायचं नाही, हेसुद्धा तो मानत नसे. पण शिंपीकामातली एक गोष्ट त्याच्या हातात मुरलेली होती. आडव्या माणसाचं माप शिंपी घेत नाही. ते माप एकाच कापडासाठी घेतात. त्यामुळं बाजेवर पडलेल्या बापाच्या कमरेला टेप लावायला त्याचा हात धजेना. आणि करदोड्याचं म्हणाल, तर आपल्याकडं नवा बांधल्याशिवाय जुना सोडत नाहीत. करदोड्याविना माणूस फक्त सरणावर जातो. हेही त्याला माहीत होतं. कुणाला माहीत नाही?

दुपारी मिस्त्रींचा डोळा लागला. सगुणाबाई ताक आणायला शेजारी तुळजाबाईकडं गेल्या होत्या. रस्त्यावर जालन्याच्या बसचा हॉर्न वाजला. कडूबा आत आला, वाकला, बापाच्या कमरेचा करदोडा सोडून अलगद ओढून घेतला. दुकानात काळ्या दोऱ्याची रिळं पडलेली होती, एक वेढा बांधायला कितीसा वेळ लागला असता? पण त्यानं मनाशी म्हटलं, हाच तर संध्याकाळी परत बांधायचा आहे. आणि तो पळत बसमध्ये चढला.

बसला ही गर्दी. हातातला दोरा कुठं पडला-बिडला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून कडूबानं सदरा वर करून तो स्वतःच्या कमरेला बांधला. बांधताना टोकाला टोक आलं, जराही कमी नाही की जास्त नाही. कडूबा शिंपी, त्याला स्वतःचं माप ठाऊक होतं. साडेतीस. ज्या बापाच्या खांद्यावर बसून त्यानं आष्टीचा बाजार पाहिला, तो बाप आज आपल्या काडीसारख्या अंगाच्या मापाला आला, हे त्याला त्या घटकेला कळलं. भर बसमध्ये त्याचे डोळे भरून आले. त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं.

परतूर मागं पडलं तेव्हा त्याला डाव्या बरगडीखाली जडपणा वाटला. रस्त्याचे खड्डे, दुसरं काय, असं तो स्वतःला म्हणाला.

दुकानात करदोडा सोडायला गेला तर गाठ सुटेना. घामानं भिजून ती कडक झाली होती. कचरूशेठनं चष्मा वर केला. "कुणाचा हाय हा?"

"आबांचा."

"पुंजारामबुवा गेले का काय?"

"न्हाई शेठ, हायेत. याच्याच मापाचा बेल्ट पाह्यजे."

कचरूशेठ एक पाऊल मागं सरकला. इतकी वर्षं तो प्रत्येक बेल्ट स्वतः ताणून, वास घेऊन गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. त्यानं दोऱ्याला बोट लावलं नाही. "तूच मोज. अन् मोजून झालं की सदरा खाली कर, जल्दी." मग आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खुंटीवरून एक बेल्ट त्यानं काठीनं काढला. नंबर पुसलेला, धूळ बसलेला. "कधीचा पडून हाय. आजवर कुण्या गाडीला लागला न्हाई. घेऊन जा."

कडूबा आष्टीत उतरला तेव्हा दिवस मावळत होता. दारात सगुणाबाई उभ्या होत्या. त्यांचं तोंड पाहून तो अंगणातच थांबला.

"माय, आबा?"

"आत जाऊन बघ."

मिस्त्री बाजेवर उठून बसले होते. पुढ्यात ताट होतं. ते दूध-भाकर कुस्करून खात होते, आणि ताटातली ती दुसरी भाकर होती.

"बस फाट्याच्या पल्याड गेली असंल-नसंल," सगुणाबाई कुजबुजल्या, "अन् हाक मारली की भूक लागली म्हणून. कमरंला पाह्यलं तं करदोडा न्हाई. माझं काळीज लकलक करायला लागलं. तुझ्या दुकानातला दोरा घेऊन बांधला, तं तुटला. दुसरा बांधला, तोबी तुटला. कुठाय रे त्याहिचा?"

"माझ्यापाशी हाय. आता बांधतो."

सगुणाबाई नवऱ्याच्या खाणाऱ्या हाताकडं पाहत राहिल्या. कितीतरी दिवसांनी तो हात तोंडाकडं आपणहून जात होता. "जेवू दे पोटभर," त्या म्हणाल्या. "उद्या बांध."

सकाळी बेल्ट बसवला. बोटच काय, कागदही खालून गेला नसता इतका बराबर बसला. डॉज एका हाकेत सुरू झाली. मिस्त्री स्वतःच्या पायांनी चालत गाडीपर्यंत आले, कडूबाला बाजूला सारून बॉनेटवर कान टेकला आणि डोळे मिटून हसले. जालन्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, रक्त काढलं, पोट चाचपलं. "अशक्तपणा आहे. बाकी मला तर काही सापडत नाही," ते म्हणाले. मग चष्म्यावरून कडूबाकडं पाहिलं. "तुम्ही जरा तपासून घ्या. डोळे पिवळे दिसतात."

कडूबा हसला आणि म्हणाला, धावपळ झाली साहेब.

पौष गेला, माघ गेला. मिस्त्री बाजारात फिरायला लागले. लोक म्हणायचे, म्हातारा यमाला पाना मारून आला. त्यांच्या अंगावर मांस चढलं. कडूबानं त्यांच्या आत घेतलेल्या पायजम्यांची शिवण पुन्हा उसवून दिली. त्याच आठवड्यात त्यानं स्वतःच्या पॅंटीला कमरेत एक चुणी घातली. नंतर आणखी एक.

करदोडा परत बांधायचा राहूनच जात होता. रोज त्याला आठवण यायची आणि रोज तो उद्यावर ढकलायचा. बाप हसताना पाहिला की हात कमरेकडं जाईना, हे खरं कारण.

एकदा न्हाणीत अंगावर पाणी घेताना करदोडा ओला होऊन कमरेवरून घसरला, मांड्यांवरून घसरला आणि पायाशी पडला. कडूबा त्यातून बाहेर आला. त्या क्षणी बरगडीखालचं ओझं गेलं. इतकं हलकं वाटलं की त्याला हसू फुटलं.

ओसरीवर कप फुटला.

"अगं माय!" सगुणाबाईंची किंकाळी. "कडू! धाव रे!"

कडूबा ओल्या अंगानं पंचा गुंडाळून बाहेर आला. मिस्त्री खुर्चीतून खाली पडले होते. ओठ काळेनिळे. बुबुळं वर गेलेली. सगुणाबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

कडूबानं काही विचार केला नाही. न्हाणीत गेला, करदोडा उचलला, कमरेला गुंडाळला, गाठ दोन बोटं आत घेऊन आवळली.

ओझं परत आलं. ओसरीवर मिस्त्री खोकले. "चहा सांडला का?" ते म्हणाले.

सगुणाबाई उठून न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी लेकाच्या हातातली गाठ पाहिली.

त्या दुपारी मिस्त्री पारावर गेल्यावर त्या मशीनपाशी आल्या. डोळे कोरडे होते.

"दे ते इकडं. त्याहिचं जगून झालंय. तुझं न्हाई झालं."

"माय..."

"दे म्हणते ना! माझं लेकरू हायेस तू."

कडूबानं सदरा वर केला. "घे. सोड गाठ."

सगुणाबाईंनी हात पुढं केला. त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. बोटं गाठीला लागली. बाहेर पारावर मिस्त्री कशावर तरी मोठ्यानं हसले, ते हसणं ओसरीपर्यंत आलं. सगुणाबाईंची बोटं तिथंच थांबली. मग त्यांनी हात मागं घेतला, तोंडावर पदर धरला आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

पाडव्याच्या सुमाराला बेबीनंदा, कडूबाची बायको, बाळंतपण करून केदारखेड्याहून परत आली. मुलगा झाला होता. मिस्त्री स्वतः डॉज घेऊन आणायला गेले होते. ती उतरली, ओसरीपर्यंत आली आणि मशीनवर बसलेल्या नवऱ्याकडं पाहत उभी राहिली. कडूबानं हात पुढं केले. तिनं बाळ त्या हातांत दिलं नाही. मागं वळून सासऱ्यांच्या मांडीवर दिलं. का दिलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हात पुढं करून बसलेल्या कडूबाचं काळीज मात्र तुटलं.

वैशाखातली एक सकाळ. डॉज पुन्हा चीं चीं करायला लागली होती; त्या खुंटीवरच्या बेल्टापासून धरला तर हा चौथा बेल्ट होता. लिंबाखाली मिस्त्री बॉनेट उघडून वाकले होते.

"कडू! बेल्ट सैल पडून राह्यला रे. दोन बोटं. टेप घेऊन ये, माप घे. म्या सुतळी लावतो, तू टेप लाव, मंग चुकायचं न्हाई."

कडूबा मशीनवर होता. उठायचं म्हणजे भिंत धरावी लागे. त्यानं गळ्यातला टेप काढला. सदऱ्याच्या आत हात घालून तो कमरेभोवती फिरवला, टोकाला टोक आणलं आणि मान खाली घालून आकडा वाचला.

"पंचवीसला अर्धा कमी," त्यानं ओरडून सांगितलं.

 लिंबाखालून सुतळी लोखंडावरून ओढल्याची खरखर ऐकू आली, मग पट्टीवर ती मोजल्याची.

"बराबर!" बॉनेटखालून मिस्त्रींचा आवाज आला. "बिलकुल बराबर! बसल्या जागी सांगून राह्यला गडी!" आणि ते कौतुकानं हसले. "लेक कुणाचा हाय मंग?"

आत चुलीपाशी सगुणाबाईंचा भाकरी थापायचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं तो पुन्हा सुरू झाला.